धवल कुलकर्णी ‘वाया गेला’ म्हणे!

एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा फिरून आलाय, यावेळी चक्क मेव्हण्याने पाठवला म्हणून लिहायला बसलो. त्यात म्हणणं असं की धवल कुलकर्णी म्हणजे हिरव्या, बोलरला मदत करणाऱ्या गवताळ पिचवर फुकटच्या विकेटा काढणारा स्लो बोलर, मुंबईचा म्हणून इंडियात घेतला, तिथे काही केलं नाही, मग आयपीएलच्या पैशामागे लागला आणि २०२४ ची रणजी (राज्यांच्या टीमांची देशातली मोठी स्पर्धा) फायनलसुद्धा भावनेपोटी खेळवला.

‘काही केलं नाही’ हे आधी घेऊ. १२ वनडे, १९ विकेटा. आता सांगा, १३ नोव्हेंबर २०१४ ला ईडन गार्डन्सवर काय झालं? रोहित शर्माचे एकट्याचे २६४ रन, शेंबड्या पोरालाही माहितीये. त्याच मॅचला श्रीलंकेची अख्खी टीम २५१ मध्ये गुंडाळली, म्हणजे रोहितपेक्षाही १३ कमी, आणि त्यातल्या ४ विकेटा धवलच्या, ३४ रन देऊन. बिचाऱ्याची वनडेतली बेस्ट बोलिंग आणि ती नेमकी त्याच दिवशी, कोण बघतंय मग.

मुंबईचा म्हणून घेतला? २००८-०९, त्याचा पहिलाच रणजी सीझन, वय २०, ४२ विकेटा, देशात सगळ्यात जास्त, वर मुंबई चॅम्पियन. त्यावर न्यूझीलंड टूरला टेस्ट टीममध्ये नाव आलं. तीन टेस्ट झाल्या, तिन्हीत फास्ट बोलर म्हणून झहीर, इशांत, मुनाफ खेळले, आणि हा बालाजीबरोबर बाहेर बसून. त्यानंतर टेस्ट कॅप, म्हणजे टेस्ट खेळायची संधी, मिळालीच नाही, कधीच नाही. पहिली वनडे मिळाली ती सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे साडेपाच वर्षांनी. एवढा कुचकामी वशिला मी तरी पाहिला नाही बुवा.

स्पीडचं म्हणाल तर मान्य, तो काही एक्सप्रेस नव्हता. पण मध्यमगती म्हणजे लॉलीपॉप असं वाटणाऱ्यांनी एकदा मैदानात जाऊन उभं राहावं. मी क्लबच्या मॅचमध्ये याच्याहून बराच स्लो बोलर खेळलोय, बॉल आत येतोय म्हणून पाय पुढे टाकला, तो पडून बाहेर निघाला, माझी बॅट अजून हवेतच आणि मागे कीपरच्या ग्लोव्हजमध्ये टप्पकन आवाज. आणि हे धवल १६ सीझन करत होता, रणजीसारख्या अनेक दिवसांच्या, म्हणजे फर्स्ट क्लास, ९५ मॅच, २८१ विकेटा, तेही समोर रणजीचे बॅट्समन असताना.

हिरवं पिच म्हणाल तर २०१६ ची पुण्याची फायनल घ्या, तिथे बोलरला मदत होती हे खरंय, सौराष्ट्रविरुद्ध पहिल्या डावात त्याने ५ काढल्या. पण मदत काय एकट्या मुंबईला होती का? त्याच पिचवर मुंबईने ३७१ केले आणि तीन दिवसात मॅच खिशात घातली.

आयपीएलचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. २०१६ ला कोहलीने ९७३ रन केले ना, त्याच सीझनच्या क्वालिफायर वनला, म्हणजे फायनलच्या आधीच्या बाद फेरीत, बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर धवलने त्याला शून्यावर बोल्ड काढला. गेल पण बोल्ड. १४ रन देऊन ४ विकेटा, कोहलीची टीम आरसीबी ५ बाद २९! पुढे डिव्हिलियर्सने मॅच नेली, तो भाग वेगळा. आणि पैशामागे लागलेला माणूस पस्तिशीत रणजीच्या चार-पाच दिवसांच्या मॅचेस उन्हातान्हात कशाला खेळेल?

राहिली शेवटची फायनल. वानखेडे, मार्च २०२४, समोर विदर्भ. मोहित अवस्थी त्या सीझनचा मुंबईचा बेस्ट सीमर (मध्यमगती-फास्ट बोलर), त्याच्या जागी धवल आला, तेव्हा भुवया माझ्याही उंचावल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मुंबई २२४ ला ऑलआउट, म्हणजे मॅच कुठेही जाऊ शकत होती, आणि त्याच संध्याकाळी या पठ्ठ्याने करुण नायरला शून्यावर पाठवला. डावात १५ रन देऊन ३ घेतल्या, विदर्भ १०५ खल्लास. हे भावनेपोटी होत नसतं हो.

हां, शेवटची ओव्हर मात्र खरंच भावनेपोटी दिली. एक विकेट बाकी होती, कॅप्टन रहाणेने बोलावून बॉल त्याच्या हातात दिला. त्यावर उमेश यादव बोल्ड, मॅच संपली, करिअरही. पहिल्या सीझनला ४२ विकेटा आणि शेवटच्या बॉलला मुंबईची ४२वी रणजी, हे कुणी फॉरवर्ड केलेलं मला तरी आलं नाही.