वजनकाटा पडद्याआड असावा

दिवाळीत अमळनेरला माहेरी गेले होते. रात्री अकराच्या सुमारास माझा दहा वर्षांचा भाचा स्वयंपाकघरात, आवाज होऊ नये म्हणून झाकणावर तळहात दाबून, शेवेचा डबा उघडत होता. मला पाहताच त्याने मूठ पाठीमागे नेली आणि म्हणाला, "फुई, आईला नको सांगू." संध्याकाळी याच मुलाने सगळ्यांच्या देखत भरीत-पुरीचे ताट दोन घासांवर सरकवले होते. वहिनीकडून कळले, की शाळेत मुलांना रांगेत उभे करून वजने घेतली, त्याचा आकडा मोठ्याने वाचला गेला आणि तेव्हापासून वर्गात त्याचे नाव 'ढोल' पडले. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखते आणि धाकट्या बहिणीवर तो उगाच हात उगारतो.

आपल्याकडे मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा तेल, साखर आणि मोबाइल यांपाशीच थांबते. मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना खाण्यापिण्यातल्या साखरेची माहिती देणारे 'साखर फलक' लावण्यास सांगितले, ते योग्यच झाले. नंदुरबारमध्ये मुले कुपोषित असताना लठ्ठपणाची चिंता कशाला, असेही काही जण विचारतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे देशातील प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 3.4 टक्के झाले. एका दुखण्याने दुसरे खोटे ठरत नाही. मला खटकते ते हे, की या साऱ्यात मुलाच्या मनाविषयी कोणी विचारत नाही.

भीती किंवा अपमान वाट्याला आला, की मेंदूच्या इशाऱ्याने मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. ते सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असावे, असा शरीराचा क्रम आहे. ताण रोजचाच झाला, तर हा क्रम बिघडू शकतो, झोप उडते, गोड-तळलेल्याची ओढ वाढते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. लठ्ठ मुलांच्या केसांतील कॉर्टिसॉल मोजणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र वजनावरून हिणवल्यावर कॉर्टिसॉल वाढते, असे प्रौढांवरील प्रयोगांत आढळले आहे. मग त्या काट्यासमोरची रांग आणि रात्रीचा तो डबा यांचा संबंध नाहीच, असे मी कसे म्हणू?

मी राहते त्या इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्या आणि प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात सरकारी योजनेत मुलांची वजने घेतली जातात. मोजणी इतरांपासून आडोशाला होते, आकडा मुलांना सांगत नाहीत, पालकांना कळवतात. त्या पत्रांनीही अनेक आया दुखावतात. शिवाय एवढे करूनही दहा-अकरा वर्षांच्या पाचांतील एकाहून अधिक मुले लठ्ठ आहेत आणि गरीब वस्त्यांत हे प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे तिकडचे सगळे उचलावे, असे मी म्हणणार नाही. फक्त तो आडोसा उचलावा. त्याला एका चादरीपलीकडे खर्च नाही.

निघताना मी भावाला सांगितले, की शेव लपवू नका, सगळ्यांबरोबर त्याच्याही ताटात वाढा, आणि वजनाची गोष्ट जेवताना काढू नका. पोटदुखी थांबली नाही, तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन झोप, भीती, चिडचिड हे सारे सांगायचे, असेही ठरले. शाळा उघडल्यावर वहिनी सरांना भेटणार आहे.