‘काम बिघडलं की बँक पैसे देते’ हे आपल्याकडे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घराचं काम क्रेडिट कार्डावर करून घ्या. काम खराब निघालं तर १२० दिवसांत बँकेला फोन करा, कायद्यानं बँकेला सगळे पैसे द्यावेच लागतात. कॉन्ट्रॅक्टरशी बोलायची गरज नाही. पैसे येईपर्यंत कार्डाचं बिल भरू नका आणि ग्राहक न्यायालयाच्या भानगडीत पडू नका. यातली एखादी गोष्ट अर्धवट खरी आहे, पण बाकीची माणसाला खड्ड्यात घालणारी आहेत.

‘कायद्यानं द्यावेच लागतात.’ असा कायदा आहे, पण तो ब्रिटनचा. तिथल्या १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ सांगतं, की १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. भारतात असं कलम नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या आदेशाचा काही जण दाखला देतात, पण तो तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले पैसे त्यात बसत नाहीत.

आपल्याकडे उरतो तो चार्जबॅक, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांतली वाद सोडवायची पद्धत. ‘सेवा मिळालीच नाही’ आणि ‘ठरल्याप्रमाणे मिळाली नाही’ ही दोन्ही कारणं तिथं चालतात. पण तुमची बँक फक्त मागणी पुढे पाठवते. कॉन्ट्रॅक्टरची बँक त्याला विचारते, तो आपले कागद पुढे करतो आणि त्यावर निकाल होतो. मध्येच जमा झालेली रक्कम परत वजाही होऊ शकते. काम उरकल्यावर चहा पिता पिता ज्या कागदावर आपण ‘काम पूर्ण, समाधानकारक’ म्हणून सही ठोकतो, नेमका तोच कागद तेव्हा समोर येतो. म्हणून सहीची घाई नको. गच्चीच्या पाइपाची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी साठवा, खाली स्लॅबला ओल धरते का बघा. नवी फरशी नाण्यानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. तिथला व्हिडिओ काढून ठेवा.

‘१२० दिवस आहेत, घाई कशाला?’ आपल्या भागाला हा मुद्दा सगळ्यात जास्त नडतो. मुदत साधारणपणे व्यवहाराच्या किंवा सेवा मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात आणि बँका त्याहून आधी तक्रार मागतात. आपल्याकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पॅराफीटचा गिलावा, बाहेरचा रंग ही कामं उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. १ फेब्रुवारीला काम हातावेगळं झालं, पैसेही दिले, तर १२० दिवस १ जूनला संपतात. पाऊस त्यानंतर येतो. खानापूरच्या बाजूला आषाढात जी झड लागते, तिच्यातच गच्चीची खरी परीक्षा होते. भिंतीवर पोपडे दिसतील तेव्हा चार्जबॅकचं दार लागलेलं असेल.

दुसरी अडचण पैसे देण्याच्या पद्धतीची. फरशी, सिमेंट, केमिकल दुकानातून कार्डावर येतं, गवंड्याची मजुरी मात्र आठवड्याच्या आठवड्याला रोख जाते. माल चांगला आणि लावणी वाईट असेल तर दुकानदाराविरुद्ध काय मागणार? कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरून तिथून मिस्त्रीला दिले असतील तर कार्डाच्या लेखी व्यवहार वॉलेट कंपनीशी झाला, आणि तिनं तिचं काम केलेलं असतं.

‘कॉन्ट्रॅक्टरशी बोलायची गरज नाही.’ अगदी उलट. त्याला दोष कळवला, दुरुस्तीची संधी दिली, तरी त्यानं दाद दिली नाही, हे चार्जबॅकमध्ये दाखवावं लागतं. फोनवरचं भांडण पुरावा म्हणून उभं राहत नाही. तारीख घालून, फोटो जोडून मेसेज किंवा रजिस्टर्ड पत्र पाठवा.

‘बिल भरू नका.’ हे तर कृपा करून कुणी ऐकू नका. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की थकबाकी सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे कळवता येते, उशिराचा दंड लागतो आणि बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. बिल भरा आणि त्याच वेळी लेखी वाद नोंदवा. बिलावर हरकत घेतली की बँकेनं ३० दिवसांत खुलासा द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. बँकेनं उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण लोकपाल बँकेचं वागणं तपासतो, तुमच्या गच्चीची गळती नव्हे.

गळतीचं भांडण ज्या दारात जातं, ते ग्राहक न्यायालयाचं दारच हा संदेश बंद करायला सांगतो, याचा मला खरोखर राग येतो. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे एक अख्खा पावसाळा नक्की हाताशी येतो. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्यासाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि पैसे रोख दिले असले तरी तक्रार चालते. वेळ मात्र लागतो, हे धरून चाला.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. आणि कॉन्ट्रॅक्टर कोल्हापूरचा किंवा चंदगडचा असला म्हणून महाराष्ट्रात खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजेच ग्राहक न्यायालयात, तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी बेळगावातच. कोटेशन, पावत्या, मेसेज मराठीत असतील तर त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडा, म्हणजे त्या कारणानं तारीख पुढे जाणार नाही.