खुलासा : सर्वांत लालभडक पिल्लू म्हणजेच उत्तम कोई?

कोई या शोभेच्या रंगीत जपानी माशाबद्दल 'कोईचं पिल्लू घेताना सर्वांत गडद लाल आणि काळंभोर बघून घ्या, मोठेपणी तोच रंग आणखी खुलतो,' असा सल्ला सध्या फिरतो आहे. लाल रंगाबाबत तो बऱ्याचदा उलटाच पडतो.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला जपानी लोक तोसाई म्हणतात. कोहाकू (पांढऱ्यावर लाल डाग) जातीच्या तोसाईचा लाल नारिंगीकडे झुकलेला असेल तर बिघडत नाही. उलट इतक्या लवकर गडद झालेला लाल पुढे अनेकदा विरतो. नरांचा रंग लवकर पक्का होतो, माद्यांना वेळ लागतो. छटेपेक्षा डागाच्या कडा बघा. मागची कड रेखीव हवी. पुढची जरा धूसर चालते, कारण तिथे लाल खवल्यांवर पांढरे खवले चढलेले असतात.

काळ्याची गोष्ट वेगळी. सांके आणि शोवा या लाल-पांढऱ्या-काळ्या जातींच्या अंगावर कातडीखाली दिसणारे निळसर-राखाडी ठिपके दोष समजून पिल्लू नाकारू नका (दुकानदारही कधीकधी तसं सांगतात). तोच काळा रंग काही वर्षांनी वर येतो, कधी पुन्हा दबतोही.

आणि स्पिरुलिना या शेवाळाचं खाद्य? त्याने असलेला लाल गडद होतो. नवा डाग उमटत नाही, अती झालं तर पांढऱ्यावर पिवळट झाक मात्र येते.