कोंबडीने अडवलेली पिकअप

नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट वाहणारा माझा धाकटा चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर हटकून शेजाऱ्याची गाडी बघायला मागतो. शेजाऱ्याचा पिकअप म्हणजे एक धूड आहे. बॉनेट माझ्या छातीपर्यंत, हौदा चकाचक, आणि त्यात महिन्यातून एकदा बागेसाठी मातीच्या चार पिशव्या येतात. "दादा, यांना आपली पिकअप द्या की! निम्म्या डिझेलात दुप्पट काम." त्याचं गणित ढोबळ आहे, पण प्रश्न रास्त आहे.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर गेलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर एकमत झालं : हे सगळं ट्रम्प या एका माणसाच्या लहरीचं फळ, आपणही असाच दणका द्यायला हवा. मी अटलांटाजवळच्या अल्फारेटात राहतो. या गावाला महिंद्राच्या पिकअपचा इतिहास आहे, म्हणून मला ते एकमत पटत नाही.

बहुतेक परदेशी पिकअपवर इथे 25 टक्के शुल्क आहे ते 1964 पासून. त्याचं कारण कोंबडी. अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनी, फ्रान्समध्ये धो-धो जायला लागली, तेव्हा युरोपने तिच्यावर कर लावला. उत्तरादाखल अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर शुल्क चढवलं. ट्रकमागे निशाणा होता फोक्सवॅगनच्या पिकअपवर. कोंबडीचं भांडण कधीच विरलं. बाकीच्या वस्तूंवरचं शुल्क पुढे उतरलं. ट्रकवरचं राहिलं, कारण तोवर डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेच्या मोटार कंपन्यांना, त्याची चटक लागली होती. दोन्ही पक्षांचे अध्यक्ष आले-गेले, ते कुणी काढलं नाही. साध्या मोटारीवर कित्येक वर्षं अडीच टक्के आणि ट्रकवर दसपट!

मग पळवाटा आल्या. जपानी कंपन्या हौद्याविना सांगाडा आणत, त्यावर चार टक्केच लागे, आणि हौदा इथे बसवत. 1980 मध्ये ते बंद झालं. फोर्डसारखी अमेरिकी कंपनीसुद्धा तुर्कस्तानातून व्हॅन आणताना मागे सीटा बसवून 'प्रवासी गाडी' म्हणून उतरवायची आणि बंदराजवळ त्या काढून टाकायची. 2024 मध्ये त्या प्रकरणी तिने 36.5 कोटी डॉलर भरून तडजोड केली. ज्यांच्या रक्षणासाठी भिंत बांधली, तेच तिला भगदाड पाडत होते.

अल्फारेटातल्या एका आयातदाराने 2006 मध्ये महिंद्राशी करार केला तो याच भिंतीच्या पायथ्याशी. 2.2 लिटर डिझेलचा पिकअप, सुट्या भागांत आणून इथे जोडायचा, म्हणजे शुल्क टळेल, असा बेत. शेकडो डीलरांनी पैसे गुंतवले. धुराचं प्रमाणपत्र मिळायला 2010 चा ऑगस्ट उजाडला. गॅलनला 30 मैलांची चर्चा होती, प्रत्यक्ष आकडा 20 च्या आसपास निघाला. मग करार मोडला, खटले झाले. गाडी काही आली नाही. ट्रॅक्टर मात्र महिंद्राचे इथे 1994 पासून विकले जातात. ट्रॅक्टरच्या आड कुठली कोंबडी आली नाही.

आता जे घरी बोललं की वाद होतो ते सांगतो. सगळा दोष शुल्काचा नाही. 2010 साली इथे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा कंपनीच्या गाड्यांच्या सरासरीला मैलामागे 0.07 ग्रॅम होती, पेट्रोल असो की डिझेल. त्याच वर्षी मुंबई, पुणे, सोलापूर धरून 13 शहरांत बीएस-4 हा आपला धुराचा नियम लागू झाला, त्यात डिझेल मोटारीला किलोमीटरला 0.25 ग्रॅमची मुभा. हिशेब केला तर जवळजवळ सहापट. ही भिंत मला मान्य आहे. पुण्यात नाकाला रुमाल बांधून मी कॉलेज केलंय. शिवाय इथे डिझेलवर केंद्राचा कर गॅलनला 24.4 सेंट, पेट्रोलवर 18.4. म्हणजे गावाकडचं 'डिझेल परवडतं' हे गणित इथे पंपावरच बिघडतं.

ग्रुपवरच्या काकांनी अमेरिकी कोंबडीवर बोट ठेवलं तेव्हा मला हसू आलं. अमेरिकन माणसाला छातीचं मांस हवं, तंगड्या उरतात, त्या बाहेर खपवायच्या असतात. आपण त्यांवर 100 टक्के शुल्क ठेवलंय. बर्ड फ्लूचं कारण देऊन घातलेली आयातबंदी आपण 2015 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरलो. आपल्या पोल्ट्रीवाल्याला वाचवणं मला चूक वाटत नाही. पण "जशास तसे" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारलं, की रागात लावलेलं शुल्क काढायची तारीख कोण लिहून ठेवणार? काकांनी अंगठा दाखवला. तो कुठल्या अर्थाने, ते कळलं नाही.

भावाला शेवटी कायदेशीर वाट सांगितली. गाडी 25 वर्षांची झाली की इथले सुरक्षेचे नियम तिला लागू होत नाहीत. जपानचे चिमुकले ट्रक याच वाटेने येतात, पण 25 टक्के त्यांनाही चुकत नाहीत, आणि रस्त्यावर परवानगी द्यायची की नाही ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. टेक्सासने दिली ती 2024 मध्ये. भावाची पिकअप 2021 ची आहे, म्हणजे 2046 मध्ये बोटीवर चढवता येईल.

"तोवर हप्ते फिटतील," तो म्हणाला, आणि क्रेट उतरवायला गेला.