किल्ल्या कोणाकडे?

चतुर्थीला बोरीला मावशीकडे गेलो होतो. जेवणं आटोपली तसा मावसभाऊ फोन घेऊन शेजारी येऊन बसला. "दादा, या क्रिप्टो टोकनमध्ये पैसे घातले की महिन्याला आठ टक्के देतात. आणि ब्लॉकचेन आहे, त्यात कोण कसा फसवणार?"

याच मुलाने गेल्या वर्षी तीनशे मीटरच्या प्लॉटसाठी वकिलाकडे सहा खेपा घातल्या होत्या. एक-चौदाचा उतारा बघितला, सनद बघितली, कोण मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) निघतो का ते शेजारीपाजारी विचारून घेतलं. इथे मात्र टेलिग्रामवरच्या एका ग्रुपचा शब्द त्याला पुरला.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली व्यवहारांची वही. तिच्यात लिहिलेलं खोडता येत नाही हे बऱ्याच अंशी खरं. पण खोटं लिहिलं तर तेही खोडता येत नाही, हे कोणी सांगत नाही. जुन्या दस्तांत बनावट कागद घुसवून जमिनी कशा लाटतात ते गोव्यात आपल्याला शिकवायला नको. त्यासाठी २०२२ मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली. आणि वनकॉइन नावाच्या बनावट क्रिप्टोची तर कुणाला तपासता येईल अशी ब्लॉकचेनच नव्हती, तरी जगभरच्या लोकांनी पैसे ओतले.

म्हणून मी आधी एकच विचारतो. किल्ल्या कोणाकडे? म्हणजे पैसे हलवायचा, टोकन छापायचा अधिकार कोणाच्या हातात?

आमच्या देवळात दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं आहेत. तीन किल्ल्या तीन वेगळ्या वांगडांच्या (घराण्यांच्या) महाजनांकडे. एक जण रुसला की पालखीच्या दिवशी सगळे त्याच्या दारात. कटकट आहे, पण पेटी शाबूत आहे. बऱ्या प्रोजेक्टमध्ये हीच सोय असते, अनेकांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. तिला मल्टिसिग म्हणतात. मात्र कुलपं मोजून भागत नाही. रोनिन या एका ऑनलाइन गेमच्या क्रिप्टो नेटवर्कला नऊ व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार मंजूर करणारे, होते आणि पैसे हलवायला पाच सह्या लागत. त्यातल्या चार एकाच कंपनीकडे. पाचव्याच्या वतीने सही करायची परवानगी कधीतरी त्याच कंपनीला दिलेली, ती कोणी काढून घेतली नव्हती. मार्च २०२२ मध्ये ६० कोटी डॉलरहून जास्त गेले आणि चोरी लक्षात यायला सहा दिवस लागले. पाचही किल्ल्या एकाच घरातल्या खिळ्याला!

भावाचा प्रोजेक्ट तिथेच उघडला. व्हाइटपेपर, म्हणजे प्रोजेक्टचं माहितीपत्रक, ४२ पानांचा, त्यात काम कसं चालतं यावर जेमतेम दोन. कोड तपासल्याचा ऑडिट अहवाल होता, शिक्कासुद्धा होता. पण अहवालातला कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या कोडचा) ब्लॉकचेनवरचा पत्ता आणि पैसे पाठवायचा पत्ता शेवटची चार अक्षरं ताडून बघितली तर वेगळे. म्हणजे ऑडिट दुसऱ्याच कोडचं. ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या एक्सप्लोरर साइटवर बघितलं, ७१ टक्के टोकन एकाच पत्त्यावर. (कधी असा मोठा पत्ता एक्सचेंजचा किंवा कुलूपबंद कॉन्ट्रॅक्टचाही असतो, म्हणून लगेच चोर म्हणू नये. इथे साधं वॉलेट, म्हणजे कोणाचं तरी खासगी खातं होतं.) आणि त्याच वॉलेटला हवे तेवढे नवे टोकन छापायची मुभा.

"पण मी दोन हजार काढून बघितले, आले की," भाऊ म्हणाला. येणारच. आमिष फुकट मिळत नाही, गळ टाकणाऱ्याला ते विचारा.

व्याजाचं तर बोलायलाच नको. महिन्याला आठ म्हणजे वर्षाला ९६. अँकर नावाच्या क्रिप्टो ठेव योजनेत टेरायूएसडी (एक डॉलरला बांधलेलं नाणं) ठेवलं की वर्षाला साधारण २० टक्के मिळत, तेसुद्धा कर्जदारांच्या व्याजातून भागत नव्हतं, राखीव निधीतून भर घालावी लागे. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी आणि त्याचं जोडनाणं लुना दोन्ही कोसळले.

मी त्याला म्हटलं, ग्रुपवर एवढंच विचार, की टोकन छापायचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो तुम्ही कधी सोडणार?

रात्री पणजीला पोचेपर्यंत त्याचा मेसेज आला होता. "ॲडमिनान ग्रुपांतल्यान काडलो." पाठोपाठ दुसरा: आधीच पंधरा हजार घातले होते, मावशीला सांगू नको.

मावशी फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहिलं.