फोन आहे म्हणून कॅमेऱ्याचा रिमोट बाद होत नाही

‘कॅमेऱ्याचा रिमोट घेण्यात आता काही अर्थ नाही, कॅमेरा कंपनीचं ॲप फोनमध्ये टाका, झालं काम.’ फोटोग्राफी शिकायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर हा सल्ला पडतो. जोडीला कारणंही असतात. फोनवर बटण दाबलं की त्याच क्षणी फोटो निघतो. कितीही लांबून चालतं. कॅमेऱ्यातलं सगळं फोनवरून बदलता येतं. रात्रीच्या लांब एक्स्पोजरला, म्हणजे बराच वेळ प्रकाश आत घेऊन काढायच्या फोटोला, यासारखं दुसरं काही नाही. जुन्या कॅमेऱ्यात वाय-फायचं कार्ड घातलं की तोही फोनवर चालतो. आणि फोटो आपोआप फोनमध्ये येऊन पडतात.

यातलं थोडं खरं, बरंचसं अर्धवट आणि एक साफ चूक आहे. ॲपशी माझं वैर नाही. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला काय दिसतंय ते हातातल्या पडद्यावर बघता येणं ही मोठी सोय आहे. पण बघणं वेगळं आणि खटका दाबणं वेगळं. फोन पहिल्या कामात तरबेज आहे, दुसऱ्यात बेताचा. हे न सांगता नवशिक्याला रिमोट घेण्यापासून परावृत्त करणं मला पटत नाही.

‘त्याच क्षणी फोटो निघतो’ हे आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त फोटो इथेच हुकतात. कॅमेरा सेन्सरवरचं (प्रकाश टिपणाऱ्या भागावरचं) दृश्य छोट्या छोट्या चित्रांत बदलतो आणि ती एकामागून एक वाय-फायवरून फोनकडे पाठवतो. फोन ती उलगडून दाखवतो. म्हणजे पडद्यावर जे दिसतंय ते घडून गेलेलं असतं. ते बघून तुम्ही बोट टेकवता, मग हुकूम उलट्या वाटेने कॅमेऱ्याकडे जातो, कॅमेरा फोकस साधतो आणि मग शटर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश सोडणारा पडदा, उघडतं. प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा उशीर साठत जातो.

खात्री करायची तर एका पडद्यावर स्टॉपवॉच चालू ठेवा, कॅमेरा त्याच्यावर रोखा आणि ॲपमध्ये बरोबर पाचाचा आकडा दिसताच बटण दाबा. मग फोटोत कोणता आकडा आलाय ते बघा. तीच चाचणी थेट स्टॉपवॉचकडे बघत वायरच्या रिमोटने करा. रिमोटवर बोटाच्या चपळाईइतका फरक उरतो. ॲपच्या फोटोत त्याच्यावर आणखी भर पडलेली दिसते. वायरच्या साध्या रिमोटमध्ये असतंच काय? दोन संपर्क. बटण अर्धं दाबलं की एक जुळतो आणि कॅमेरा फोकस घेतो, पूर्ण दाबलं की दुसरा जुळतो आणि शटर सुटतं. अर्ध्यावर बोट रोखून फोकस बांधून ठेवायचा आणि पक्षी फांदीवरून उडताच उरलेला अर्धा दाब द्यायचा, ही पकड काचेवर टेकवलेल्या बोटाला मिळत नाही. घर, डोंगर, उत्पादनाचा फोटो किंवा सगळे स्थिर उभे असलेला ग्रुप फोटो असेल, तर उशिराने काही बिघडत नाही. तिथे खुशाल ॲप वापरा.

आता अंतर. बहुतेक वेळा कॅमेरा स्वतःचंच छोटं वाय-फाय नेटवर्क उभं करतो आणि फोन त्याला जोडला जातो. या नेटवर्कवर इंटरनेट नसतं, आणि अनेकांची गाडी इथेच अडते. अँड्रॉइड फोनला इंटरनेट सापडत नाही, तो एक सूचना दाखवतो आणि ती दुर्लक्षिली की गुपचूप दुसऱ्या नेटवर्कवर जातो. लोक कॅमेऱ्याला दोष देत बसतात. त्या सूचनेत ‘जोडलेलं राहा’ निवडायचं, नाहीतर मोबाइल डेटा काही वेळ बंद करायचा. शिवाय २.४ गीगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरात बऱ्याच शोषल्या जातात, त्यामुळे पाठ कॅमेऱ्याकडे असेल आणि फोन पोटाशी धरला असेल, तर जोडणी लवकर डळमळते. ब्लूटूथला वीज कमी लागते, पण हलतं चित्र पाठवण्याइतका वेग त्या जोडणीला नसतो. म्हणून चित्र बघायचं म्हटलं की वाय-फाय आलंच.

एक मात्र मान्य करायला हवं. जुन्या इन्फ्रारेड रिमोटपेक्षा ॲप इथे सरस आहे. निकॉनच्या एमएल-एल३सारख्या रिमोटला कॅमेऱ्यावरचा रिसीव्हर समोर दिसावा लागतो, आणि तो बऱ्याच कॅमेऱ्यांना फक्त पुढच्या बाजूला असतो. मागे उभं राहून दाबत बसा, काही होत नाही.

‘सगळं बदलता येतं’ हेही जपून घ्या. शटरचा वेग, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र), आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील ते), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि बोट टेकवून फोकसची जागा हे बहुतेक ॲपमध्ये मिळतं. पण लेन्सचं झूमचं कडं हाताने फिरवायचं असेल, तर ते हातानेच फिरणार. त्याला मोटर नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सचं ॲपर्चरही तसंच. अनेक कॅमेऱ्यांचा मोड डायलही, म्हणजे फोटोचा प्रकार निवडायची वरची चकती, ॲपला जुमानत नाही. कॅमेरा उंच काठीवर चढवण्याआधी हे सगळं लावून घ्या.

रात्रीच्या फोटोंबद्दलचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. ॲप चालू म्हणजे लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर सतत दिसणारं चित्र) चालू, म्हणजे सेन्सर सतत जागा, वर वाय-फायचा खर्च. २०१२ मध्ये आलेल्या कॅनन ६डीचं उदाहरण घ्या: व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघून काढल्यास एका बॅटरीत सुमारे १०९० फोटो, लाइव्ह व्ह्यूमध्ये सुमारे २२०. हे कंपनीनेच दिलेले आकडे आहेत. थंडीत बॅटरी आणखी लवकर बसते. त्यात फोनच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. बल्ब मोडमध्ये (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणाऱ्या मोडमध्ये) चार मिनिटांचं एक्स्पोजर चालू असताना फोन लॉक झाला किंवा कुणाचा कॉल आला, की जोडणीची खात्री नाही. वायरच्या रिमोटचं बटण पुढे सरकवून अडकवून ठेवता येतं आणि मग त्याच्याकडे बघावंही लागत नाही. तीस सेकंदांच्या आतलं एक्स्पोजर असेल, तर रिमोटही नको आणि फोनही नको. कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला की हाताचा धक्का निवलेला असतो. रात्री ॲपचा खरा उपयोग सुरुवातीला आहे. कॅमेरा जमिनीलगत वर तोंड करून ठेवला असेल, तर मान न मोडता चौकट जुळवायला आणि तारा मोठा करून फोकस लावायला ते घ्या. मग वाय-फाय बंद करा.

वाय-फाय कार्डाची गोष्ट मात्र निव्वळ चूक आहे. आय-फाय किंवा फ्लॅशएअरसारखी कार्डं काढलेले फोटो फोनकडे पाठवत. पण अशा कार्डांतून शटरला हुकूम देता येत नाही. त्यांना फक्त फायली दिसतात, कॅमेरा दिसत नाही. जुना कॅमेरा फोनवर चालवायचा असेल, तर मार्ग यूएसबीचा. पीटीपी नावाचा प्रमाणित प्रोटोकॉल, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत, आहे, आयएसओ या प्रमाणसंस्थेकडे १५७४० क्रमांकाने तो नोंदलेला आहे, आणि वाय-फाय नसलेले बरेच डीएसएलआर त्यातून हुकूम घेतात. फोन ओटीजी (यूएसबीला दुसरं उपकरण जोडू देणारी सोय) चालवणारा हवा, एक केबल आणि तुमच्या मॉडेलला चालणारं ॲप हवं. केबल असल्यामुळे ही जोडणी वाय-फायपेक्षा भरवशाची असते. निकॉनचा डब्ल्यूयू-१ए हा छोटा वाय-फाय ॲडॅप्टर शटर चालवू शकायचा, कारण तो कार्डाच्या खाचेत नव्हे, कॅमेऱ्याच्या पोर्टमध्ये बसायचा.

राहिला फोटो आपोआप फोनमध्ये येण्याचा मुद्दा. येतात, पण कोणते ते बघा. निकॉनचं स्नॅपब्रिज हे ॲप ब्लूटूथवरून आपोआप पाठवतं ती सुमारे दोन मेगापिक्सेलची लहान प्रत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हा मूळ फोटोचा बारावा हिस्सा झाला. इतर ॲपमध्येही पाठवण्याचा आकार सेटिंगमध्ये तपासून घ्यावा लागतो. फोनच्या पडद्यावर ही प्रत छान दिसते, म्हणून फोटो सुरक्षित पोचले असं वाटतं आणि कार्ड फॉरमॅट होतं. मग मोठी प्रिंट काढायची वेळ येते तेव्हा मूळ फाइल कुठेच नसते. फोनमध्ये काहीही दिसत असलं, तरी मूळ फायली संगणकावर उतरवून, त्यातल्या दोन-चार पूर्ण आकारात उघडून बघितल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.