माहिती साठवा, भाषेवरून भांडा

वेब डेव्हलपर म्हणून नाव काढायचं असेल तर फॉर्ममध्ये रकान्यांची कंजुषी करू नका. समोरच्याला महिन्यातून एकदा तुमचं वार्तापत्र ईमेलवर हवंय. त्यासाठी त्याच्याकडून काय लागेल? 'ईमेल' असं उत्तर देणारा माणूस या धंद्यात फार पुढे जात नाही. नाव घ्या, मोबाइल नंबर घ्या, लिंग विचारा, पिनकोड विचारा आणि जन्मतारीख तर लाल चांदणी लावून सक्तीची करा. कशाला हवी, असं मीटिंगमध्ये कुणी विचारलंच तर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायला' म्हणा. हे उत्तर इतकं गोड आहे की त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. शुभेच्छांचं फीचर कधीच बनत नाही, तारीख मात्र डेटाबेसात कायमची मुक्कामाला येते.

लतान्या स्वीनी या संशोधिकेनं २००० साली दाखवून दिलं की पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं वेगळं काढता येऊ शकतं. हे वाचून दचकू नका. तिन्ही रकाने आपल्या फॉर्मात आहेत ना, तेवढं बघा.

शिवाय 'आम्ही नावं काढून टाकतो' हे वाक्य हाताशी असतंच. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे सर्च जगजाहीर केले. नावं काढली होती, त्या जागी क्रमांक घातले होते. पत्रकारांनी काही दिवसांत त्यातल्या ४४१७७४९ या क्रमांकामागची बाई शोधून काढली, कारण माणूस सर्चच्या डब्यात आपलं गाव, आपलं आडनाव आणि आपली दुखणी स्वतःच लिहून ठेवतो. तरी तुम्ही हे वाक्य वापरत राहा. गोपनीयता धोरणात ते शोभून दिसतं, आणि ते धोरण वाचायला कुणी येत नाही.

आता पासवर्ड. इथे कडक राहायचं. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, मागचे पाच पासवर्ड चालणार नाहीत, दर नव्वद दिवसांनी नवा. वापरणारा मग जुन्याच पासवर्डच्या शेवटी १ लावतो, पुढच्या वेळी २, आणि कंटाळला की चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. हे नियम ज्यांच्या २००३ च्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरले, त्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितलं की त्यातलं बरंच लिहिल्याचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी संस्थेनं नवे नियम काढले: कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, लांबलचक चालू द्या, पेस्ट करू द्या. म्हणजे ज्यानं नियम लिहिला त्यानं सोडला, पण आपण नाही सोडायचा. पेस्ट तर हमखास बंद ठेवा. पासवर्ड साठवून ठेवणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरणाऱ्या शहाण्या माणसाला चोवीस अक्षरं हातानं टाइप करायला लावली की तो पुढच्या वेळी आपोआप सोपा पासवर्ड घेतो.

आणि कमाल लांबी? १२ अक्षरं. पासवर्ड हॅश करायच्या, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या ओळीत बदलायच्या, बीक्रिप्ट या पद्धतीची ७२ बाइट्सची मर्यादा असते, ती मी समजू शकतो. पण पासवर्ड हॅश करून ठेवणाऱ्याला बाराचं काय पडलंय? आत चार अक्षरं घाला नाहीतर चाळीस, बाहेर येणारी ओळ दर वेळी एकाच ठरलेल्या लांबीची. त्यामुळे 'जास्तीत जास्त १२' ही पाटी जाणकारांसाठी असते. आत डेटाबेसात बारा अक्षरांचा एक रकाना आहे आणि पासवर्ड त्यात जसाच्या तसा बसलाय, एवढं सगळं ती न बोलता सांगून जाते.

जसाच्या तसा ठेवण्याला परंपराही मोठी आहे. रॉकयू नावाच्या कंपनीनं तेच केलं होतं. २००९ मध्ये तिचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले आणि पासवर्ड फोडायला शिकणारे अजून त्याच यादीवर हात साफ करतात. एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीनं कुलूपबंद, करायचंच असेल तर ॲडोबीचा कित्ता गिरवा. तिथे सगळ्यांना एकच किल्ली होती, त्यामुळे सारखे पासवर्ड डेटाबेसातही सारखेच दिसत, आणि शेजारी लोकांनी आठवणीसाठी लिहिलेले इशारे उघडे पडलेले. २०१३ मध्ये हे सगळं बाहेर आलं तेव्हा किल्ली कुणाला शोधावीच लागली नाही. एकच पासवर्ड असलेल्या शंभर जणांचे इशारे ओळीनं वाचले की उत्तर समोर. आणि समजा तुम्ही फारच नीटनेटके असाल, आर्गॉन२ वगैरे हॅशची नवी पद्धत लावली असेल, तरी सर्व्हर आपल्या घडामोडी लिहून ठेवतो ती लॉग फाइल आहेच. लॉगिनची पूर्ण रिक्वेस्ट 'डीबगिंगसाठी' छापून ठेवा. २०१८ मध्ये गिटहब आणि ट्विटर या दोघांनाही आपल्या आतल्या लॉगमध्ये साधे वाचता येणारे पासवर्ड सापडले. मोठी माणसं जे करतात ते आपण करायला लाजायचं कशाला?

मोबाइल नंबर घेताना 'तुमच्या खात्याच्या सुरक्षेसाठी' असं लिहा आणि मग तो जाहिरातवाल्यांच्या यादीला जोडा. हेच केलं म्हणून ट्विटरला २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. तुमची कंपनी तेवढी मोठी नाही, तुमच्याकडे कोण बघतंय!

कुकीच्या पट्टीवर फार वेळ घालवत नाही, ती कला तुम्हाला येतेच. 'सर्व स्वीकारा' हिरवं, ठळक, अंगठ्याच्या टप्प्यात. नकार मात्र फिकट करड्या अक्षरांत, तोही 'पसंती व्यवस्थापित करा' या नावानं. आत गेलं की खटक्यांची रांग. सगळे बंद केले तरी शेजारी 'वैध हितसंबंध' नावाचा टॅब असतो, तिथे तेच सगळे पुन्हा चालू. सगळ्यात वर मथळा: 'आम्हाला तुमच्या गोपनीयतेची कदर आहे.' एकेकाळी ब्राउझरमध्ये 'माझा माग काढू नका' असं सांगणारी एक सेटिंग असायची. बहुतेक साइट्सनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. २०१९ मध्ये ॲपलनं ती सफारीतून काढून टाकली, कारण त्या सेटिंगचाच वापर माग काढायला होऊ शकत होता.

एवढं साठवून झालं की कुणीतरी विचारणार, हे सगळं सुरक्षित आहे का? अशा वेळी विषय बदलायचा हमखास उपाय एकच, प्रोग्रॅमिंगची भाषा.

फक्त म्हणा, 'आपण हे पीएचपीत का लिहिलंय?' आणि खुर्ची मागे घेऊन बसा. संध्याकाळपर्यंत डेटाबेसाबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. दारूगोळा भरपूर आहे. पीएचपीत दोन बरोबर-चिन्हांनी (==) तुलना केली तर '०ई'नं सुरू होऊन पुढे नुसते आकडे असलेले दोन वेगवेगळे हॅश सारखे ठरतात, कारण दोन्ही त्याला शून्य वाटतात. चुकीच्या पासवर्डनं दार उघडू शकतं ते असं. मग जावास्क्रिप्टवाला हसेल. त्याला विचारा की तुझ्याकडे अवतरणातल्या ११ मधून १ वजा केला तर १० येतात, मग मिळवला तर १११ का येतात? १, २, १० या यादीला क्रम लावायला सांगितला तर १, १०, २ का येतं? तो म्हणेल, ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा दहा दिवसांत बनवली, सांभाळून घ्या. तिसरा टाइपस्क्रिप्टचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या कडक भावंडाचं, नाव काढेल. चौथा आतापर्यंत गप्प असतो, तो रस्टवाला. त्याच्या तोंडी लागू नका, कारण रस्ट ही भाषा मेमरीच्या चुका आधीच अडवते, हा त्याचा मुद्दा खरा आहे. मायक्रोसॉफ्टनंच २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या घोळातून येतात. २०१४ ची हार्टब्लीड ही गाजलेली त्रुटीही तसलीच: समोरच्यानं जेवढी लांबी सांगितली तेवढी खरंच आहे का, हे सी भाषेतल्या त्या कोडनं तपासलंच नाही आणि सर्व्हरची मेमरी त्याच्या हातात दिली.

मुद्दा खरा, पण तुमच्या कामाचा नाही. तुमच्या डेटाबेसाचा पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, पडलाय. तो रस्टमध्येही तेवढाच स्वच्छ वाचता येतो.

हे मोठ्यानं बोलायचं नसतं, कारण मग वाद संपतो. फॉर्ममध्ये डेटाबेसाचा हुकूम टाइप करून तो चालवून घ्यायच्या युक्तीबद्दल, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनबद्दल, १९९८ पासून लिहिलं जातंय. बचाव सगळ्या भाषांत आहे, आणि वापरणाऱ्यानं टाइप केलेलं क्वेरीच्या ओळीत सरळ चिकटवून देण्याची सोयही सगळ्या भाषांत आहे. लोकांच्या कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, तेव्हा त्यांनी वापरलेल्या स्ट्रट्स या तयार सॉफ्टवेअरमधल्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता. लावायचा राहिला. त्यांची भाषा जावा होती, जिला सगळे 'एंटरप्राइझ'वाले सुरक्षित म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्या धंद्यासाठीच राखून ठेवली असावी, फरक एवढाच की आपण दर दोन वर्षांनी नवं अंगण घालून घेतो.

तर नवं अंगण घाला. सगळं नव्यानं लिहायला घ्या. जुन्या कोडमधल्या त्रुटी दुरुस्त करण्यात मजा नाही, आणि त्याचं भाषणही देता येत नाही. नव्या प्रकल्पात पहिल्याच कमांडला शेकडो पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, उतरतील. ती कुणी लिहिली, हे बघत बसू नका. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करण्याची कामं, कोसळले. ते काम करत होतं शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरण्याचं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ लेखकाला वेळ नव्हता, म्हणून मदतीला तयार झालेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्यानं पॅकेज सोपवलं. त्या भल्या माणसानं त्यात बिटकॉइनची पाकिटं चोरणारा कोड घातला. आणि तुम्ही 'भाषा कुठली?' विचारत होतात!

एक दिवस माहिती बाहेर जाईलच. तेव्हा उबर करून बसली तसं करू नका. २०१६ मध्ये पाच कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, त्यांनी चोरांना एक लाख डॉलर बक्षीस म्हणून दिले आणि वर्षभर गप्प राहिले. त्यांच्या सुरक्षाप्रमुखाला २०२२ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. आपण रीतसर पत्र लिहायचं, शुक्रवारी संध्याकाळी पाठवायचं. सुरुवात 'आपली सुरक्षा ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे' अशी. मग 'मर्यादित वापरकर्त्यांची काही माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही'. क्रियापदाला कर्ता ठेवायचा नाही. चोरही नाही, आपणही नाही. 'जन्मतारीख' हा शब्द चौथ्या परिच्छेदात, कंसात. त्यानंतर ग्राहकाला पासवर्ड बदलायचा सल्ला द्या आणि जन्मतारीख कशी बदलायची ते मात्र त्याच्यावर सोपवा.

पत्र पाठवण्याआधी तळाशी एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकायला विसरू नका. कुणी पत्र उघडलं, किती वाजता, कुठल्या फोनवर, कुठून, हे मार्केटिंगला सोमवारी सकाळी लागतं. त्यासाठी नवा डेटाबेस करत बसू नका, त्याच टेबलात चार रकाने वाढवा.